शेवट साफ

ओट्यावरची वाटी बोटभर सरकली. दुपारच्या शांततेत तो बारीक आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत आला आणि मला कळलं, की श्रीरंग आज स्वयंपाकघरात आहे.

माझा नवरा गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी, पावणेपाच वाजता, एका गाण्याबरोबर विरून गेला. वारला नाही. आवाज कमी करतात तसा तो कमी झाला, सगळाच, आणि सारख्या प्रमाणात. बुटांचा आवाज, शर्टाचा निळा रंग, मानेजवळचा साबणाचा वास, हाताचं वजन. तो आहे. फक्त फार कमी आहे.

वाटी सरकली तरी मी उठले नाही. उठलं की कपडे वाजतात. केतकी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, तिच्या कपाळावर मी हात धरला आणि श्वास रोखून थांबले. पुन्हा काही ऐकू आलं नाही. साखर शोधत असेल. चहात दोन चमचे लागतात त्याला, आणि मी डबा वरच्या फळीवर हलवलाय, हे त्याला सांगायचं राहून गेलंय.

आमच्या पुण्यात चाळीसेक माणसं जोडीनं स्विंग नाचतात. अमेरिकेतल्या शंभर वर्षांपूर्वीच्या बँडची गाणी, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, आणि आठाआठाच्या मोजणीत पडणारी पावलं. दर रविवारी चार ते साडेसहा, एका क्रीडा मंडळाच्या टेबल टेनिसच्या हॉलमध्ये, टेबलं भिंतीला लावून. बर्नाडेट डिमेलो शिकवते. ती वसईची. सगळे तिला बर्नी म्हणतात. श्रीरंग नाचायचा आणि गाणी मी लावायचे. डीजे म्हटलं की लोकांना वरातीतल्या स्पीकरच्या भिंती आठवतात. माझ्याकडे एक लॅपटॉप, हेडफोन, आवाजाची एक छोटी पेटी आणि एक वही. सासूबाई नातेवाइकांना ‘सून संगीतात आहे’ असं सांगायच्या आणि पुढे कुणी विचारायच्या आत लाडू पुढे करायच्या.

वहीत चार रकाने. ठोके, लांबी, सुरुवात, शेवट. नवशिक्यांना मिनिटाला एकशे तीस ठोके पुरे, एकशे ऐंशीच्या पुढे दमलेली माणसं खुर्च्यांकडे बघायला लागतात. पावणेचार मिनिटांपेक्षा लांब गाणं नको, कारण जोडी जमली नाही तर कुणाला पाच मिनिटं कोंडून ठेवणं बरं नव्हे. आमच्याकडे नियम आहे: गाणं संपल्याशिवाय हात सोडायचा नाही. कितीही चुकलं, पाय तुडवला गेला, तरी शेवटच्या ठोक्यापर्यंत समोरच्याचा हात धरायचा, मग ‘थँक यू’ म्हणायचं आणि मग सोडायचा. म्हणून शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. शेवट साफ हवा. बँड एकदम थांबतो, नाचणारे वाकतात, झुकतात, हसतात. काही गाणी मात्र संपतच नाहीत. रेकॉर्डिंगच्या वेळी काचेमागचा माणूस हळूच आवाज खाली ओढतो, बँड आत वाजतच राहतो, आणि आपल्याला ऐकू येईनासं होतं. अशी गाणी मी लावत नाही. नाचणाऱ्यांचा एक पाय हवेत राहतो.

त्या आठवड्यात केतकीला गालगुंड झालं होतं. तीन वर्षांची होती. ती माझ्या खांद्यावरून उतरत नव्हती आणि मी एका कानात हेडफोन घालून, उभ्याउभ्या, शनिवारी दुपारी गाणी तपासत होते. एक गाणं फार गोड निघालं. बाई गाते, मागे ट्रॉम्बोन हसल्यासारखा वाजतो. दीड मिनिट ऐकलं तेवढ्यात केतकी रडली. मी गाणं थांबवलं आणि वहीत लिहिलं: एकशे छत्तीस, तीन बेचाळीस, सुरुवात साफ, शेवट साफ.

श्रीरंग इस्त्री करत होता. त्यानं वहीत डोकावून विचारलं, “शेवट ऐकलास?”

“हो.”

“नक्की?”

“ऐकला म्हटलं ना. तू कॉलर जाळ आता.”

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला मी ते गाणं लावलं. श्रीरंग बर्नीबरोबर नाचत होता. तीन मिनिटं पाच सेकंदांनी आवाज उतरायला लागला. हॉलभर माणसांचे पाय हवेत राहिले. श्रीरंगनं हात सोडला नाही. तो चांगला नाचणारा होता, गाणं संपलं नव्हतं. तो त्याच्याबरोबर उतरत गेला. बर्नी नंतर म्हणाली, “माझ्या हातातला त्याचा हात हलका हलका होत गेला. मला वाटलं, आज काय सुंदर नेतोय.”

मग सगळ्यांनी टेबलं पुन्हा मध्ये आणली. सोमवारी सकाळी मुलांची मॅच होती.

त्याच्या बँकेच्या कागदासाठी हयातीचा दाखला लागला, तेव्हा मी एका कचेरीत गेले. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, “आहेत की नाहीत?”

“आहेत. कमी आहेत.”

“किती कमी?”

“घरातलं सगळं बंद केलं तर ऐकू येतात.”

“मग घेऊन या,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे बघू लागल्या.

म्हणून मी घरातलं सगळं बंद केलं. आधी फ्रिज. तो थरथरून थांबतो तेव्हा दोनतीन शब्द तरी बुडतात. मी दूध दिवसातून दोनदा आणायला लागले. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. कुकर माळ्यावर टाकला, भात पातेल्यात. मिक्सर नाही म्हणून चटणी नाही. पंखा नाही. दारावरची बेल काढली आणि शेजारच्या देवधरांना सांगितलं, की दाराला नुसता तळहात टेकून उभे राहा, मला कळेल. ते तसं करतात. केतकीचे पैंजण कापसात गुंडाळून कपाटात ठेवले. तिला मी टाच न टेकता चालायला शिकवलं, पेल्यात पाणी ओतताना कडेनं ओतायला शिकवलं, आणि कुजबुजायला. ती गुणी मुलगी आहे. एकदाच सांगावं लागलं.

मार्चमध्ये तो खोकला. मेमध्ये स्पष्ट म्हणाला, “केतकी.” गणपतीत दहा दिवस काहीच नाही, ढोल होते. दिवाळीत तर मी कानात बोळे घालून रडले. पण नोव्हेंबरमध्ये एका दुपारी, बाथरूमच्या दाराशी, एका दमात चार शब्द: “गौतमी, माझा चार्जर कुठाय.” मी तो चार्जर त्या दाराशी ठेवला, अजून तिथेच आहे. वर्षभरात एकूण एकोणीस शब्द झाले. ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहिले आहेत, रकाने न आखता.

डिसेंबरमध्ये खेळगटाच्या ताईंनी मला थांबवलं. “हजेरीला हिचे ओठ हलतात, आवाज येत नाही. परवा मी गैरहजेरी मांडली, आणि ही माझ्या समोर बसलेली.”

“घरी बोलते,” मी म्हटलं.

“मोठ्यानं?”

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. वजनकाट्यावर चौदा किलोची केतकी अकराची भरली. डॉक्टरांनी छाती तपासली, डोळे बघितले, जीभ बघितली. “घाबरू नका,” ते म्हणाले, “सगळं थोडं थोडं कमी आहे, पण सारख्या प्रमाणात आहे.”

मी बाहेर आले. केतकीनं माझं बोट धरलं होतं. मला ते बघून कळलं, नुसत्या स्पर्शानं कळलं नसतं.

सासूबाई संक्रांतीला सांगलीहून आल्या. पिशवीतून तिळाच्या वड्या काढल्या, डब्याचं झाकण उघडताना माझ्याकडे बघून ते अगदी हळू उघडलं. श्रीरंगबद्दल त्या कधी रडल्या नाहीत माझ्यासमोर. “लहानपणीपण असाच होता,” त्या म्हणाल्या, “हाक मारून मी वळेपर्यंत निम्मा गेलेला असायचा.” मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन तासभर मान तिरकी करून बसल्या.

“मला काही येत नाही बाई ऐकू.”

“दुपारी येतो कधी कधी.”

“येऊ दे.”

दुपारी तो आला नाही. केतकी गादीवर झोपली होती. तिच्यावर पांघरूण घालायला सासूबाई वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. केतकीच्या उघड्या तळव्यातून खालच्या चादरीवरची पानं दिसत होती. त्यांनी ती मोजली. पाच पानं आणि एक अर्धं. मग त्या उठल्या, आपल्या पर्समधल्या बॅटरीतून सेल काढला, पाटावर चढल्या आणि भिंतीवरच्या घड्याळात घातला. टिकटिक सुरू झाली.

“आई, नको. तो ऐकू येणार नाही.”

“मला कुठे येतोय? म्हणून काय मी त्याची आई नाही होय?”

“एकोणीस शब्द झालेत.”

“आणि हिचे किती झालेत?”

हिचे मी मोजले नव्हते.

सासूबाई दोन दिवस राहिल्या, ते घड्याळ चालू राहिलं. जाताना त्यांनी केतकीला जवळ घेतलं आणि काळजीनं, फुगा धरतात तसं धरलं. मला म्हणाल्या, “तू वाईट नाहीस गं. पण कान एका बाजूलाच लावून बसलीयेस.” रिक्षा कोपऱ्यावर वळली आणि मी सेल काढला.

बर्नी त्यानंतर आठ दिवसांनी आली. दाराला तळहात टेकून उभी राहिली, मी उघडल्यावर बूट हातात घेऊन आत आली. आम्ही दोघी जमिनीवर बसलो आणि कुजबुजत बोललो.

“फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी वर्ष होईल,” ती म्हणाली.

“माहितेय.”

“त्या दिवशी गाणी तू लाव. आणि शेवटून दुसरं ते लाव.”

“ते संपत नाही, बर्नी.”

“म्हणूनच. काचेमागच्या माणसानं आवाज खाली ओढला. ओढला तेवढाच, बँड तर वाजतोच आहे आत. त्यानं जेवढा खाली ओढला तेवढा तू वर ढकल.”

“मी घरी करून बघितलंय. लॅपटॉपचा आवाज पुरत नाही.”

“हॉलमधले स्पीकर माणूसभर उंच आहेत. सुरुवात अगदी बारीक ठेव, म्हणजे वर जागा राहील. आम्ही मोजे घालून नाचू. कुणी खोकणार नाही. मी सांगितलंय सगळ्यांना.”

मी मान डोलावली. मग जे वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं ते मी सांगितलं. “मी शेवट ऐकला नव्हता. वहीत खोटं लिहिलं. त्यानं विचारलं तेव्हाही खोटं सांगितलं.”

बर्नीनं बुटांच्या नाड्यांशी चाळा केला. “ठाऊक होतं त्याला.”

“कसं?”

“आवाज उतरायला लागला तेव्हा माझ्या कानाशी म्हणाला, ‘हिनं शेवट ऐकलेला दिसत नाही.’ आणि हसला. रागानं नाही गं. तू केतकीचे मोजे उलटे घालायचीस तेव्हा हसायचा ना, तसा.”

“मग हात का नाही सोडला त्यानं?”

“गाणं संपलं नव्हतं,” बर्नी म्हणाली.

अडीच तासांना बेचाळीस गाणी लागतात. मी दुपारी केतकी झोपली की हेडफोन लावून तपासायला बसायचे. आता एकेक गाणं शेवटपर्यंत ऐकायचे, आणि शेवटानंतरची शांतताही, कारण काही गाणी थांबल्यासारखी करून पुन्हा सुरू होतात आणि लोकांना तोंडघशी पाडतात. तिसऱ्या दिवशी केतकी झोपली नाही. माझ्या मांडीत येऊन बसली आणि हेडफोनची एक वाटी ओढून तिनं आपल्या कानाला लावली. गाणं एकशे पन्नास ठोक्यांचं होतं. ती डोलायला लागली. संपल्यावर मी हेडफोन काढले. तिचा तो एक कान लालबुंद झाला होता, खरा, जाड, पाळीवर लव असलेला. बाकी ती दूध पाण्यात सांडावं तशीच.

मी पेटीतून हेडफोनची पिन उपटली. मागेपुढे बघितलं नाही. गाणं पहिल्यापासून लावलं आणि आवाज वर नेला.

केतकी दचकली. मग तिनं टाच टेकवली. मग दुसरी. ती सोफ्यावरून उडी मारून उतरली, आणि ती उतरल्याचा आवाज झाला, धप्प असा, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल एवढा. गुडघ्यांवर रंग आला, फ्रॉकवर आला. “पाच, सहा, सात, आठ,” ती ओरडली, अगदी श्रीरंग मोजायचा तशी, सातवर जोर देऊन. देवधरांनी वर्षात पहिल्यांदा दारावर बोटांनी टकटक केली. मी दार उघडलं तर ते नुसते हसत उभे होते. “काही नाही,” ते म्हणाले, “वाजवून बघितलं.”

मी तिला उचललं आणि माझा खांदा दुखला. इतकं छान मला किती महिन्यांत दुखलं नव्हतं.

त्यानंतर तीन दिवस वाटी सरकली नाही. बाथरूमच्या दाराशी, पलंगाच्या खाली, गॅलरीत कपड्यांच्या दोरीपाशी, मी सगळीकडे कान लावले. घर पुन्हा बंद होतं, केतकी पुन्हा टाच उचलून चालत होती आणि रोज सकाळी थोडी फिकट उठत होती. चौथ्या दिवशी मी भांडी पुसत असताना तो माझ्या डाव्या खांद्यामागे बोलला. विसावा शब्द.

“ऐकलास?”

मी वळले. ओल्या फडक्यातून पाण्याचा एक थेंब पडला आणि त्या आवाजाखाली तो गेला.

त्या दिवसापासून मी वाटणी केली. रोज एक गाणं पिन काढून, मोठ्यानं, केतकीसाठी. बाकीचा दिवस श्रीरंगसाठी. ही वाटणी बरोबर नव्हती. पण चार वर्षांच्या मुलीला साडेतीन मिनिटांत दिवसभर पुरेल एवढं दिसता येतं का, हे मी कुणाला विचारणार होते.

ते गाणं मी मात्र हेडफोनवरच तपासलं. सव्वीस वेळा. आवाज तीन पाचला उतरायला लागतो, तीन बेचाळीसला संपतो. सदतीस सेकंद. पेटीवरची सरकपट्टी पावपर्यंत ठेवून सुरुवात केली आणि त्याच्या उतरण्याच्या मापानं वर नेत गेलं, तर ती तीन बत्तीसला टोकाला टेकते. पुढे दहा सेकंद उरतात, ज्यांत ढकलायला काही नाही. मी पुन्हा पुन्हा मोजलं. दरवेळी दहाच. वहीत शेवटच्या रकान्यात खोडून लिहिलं: विरतो.

रविवारी सकाळी मी केतकीला पिवळा फ्रॉक घातला आणि पैंजण कापसातून काढून तिच्या पायात घातले. तिनं पाय हलवून बघितला आणि माझ्याकडे बघितलं.

“वाजलं तर चालेल?” तिनं ओठांनी विचारलं.

“आज चालेल.”

“बाबा येणारे?”

“गाणी लावायला जातोय आपण.”

हॉलमध्ये टेबलं भिंतीला लागली होती. सगळे आले होते, मोज्यांवर. बूट दाराबाहेर एका ओळीत लावले होते, देवळाबाहेर असतात तसे, आणि त्यांत शेवटी एका जोडाएवढी जागा बर्नीनं मोकळी ठेवली होती. मी पहिलं गाणं लावलं, एकशे अठ्ठावीस, शेवट साफ. लोक वाकले, हसले. दुसरं. तिसरं. माझा हात विसरला नव्हता. कोण दमलंय, कोण कडेला एकटं उभं आहे, कुणाला आता संथ हवं, हे पाठीवरून कळतं. केतकी माझ्या खुर्चीशेजारी बसून पैंजण वाजवत होती. प्रत्येक गाण्याबरोबर ती भरत गेली. चार वाजून वीस मिनिटांनी तिची सावली पडली. साडेपाचला तिला घाम आला. सहा वाजता ती म्हणाली, “मला भूक लागली,” आणि हॉलच्या पलीकडच्या टोकाचा एक माणूस वळून बघायला लागला, एवढ्या मोठ्यानं.

चाळिसावं गाणं संपलं. मी एक्केचाळिसावं लावलं.

पाव आवाजावर ते फार बारीक होतं. बाई जणू दुसऱ्या इमारतीत गात होती. चाळीस माणसं मोज्यांवर नाचत होती आणि त्यांच्या श्वासांखालून ते मला जेमतेम ऐकू येत होतं. बर्नी हॉलच्या मधोमध एकटी उभी होती. उजवा हात कोपरात वाकवून पुढे केलेला, गेल्या वर्षी जिथे राहिला होता तिथेच.

तीन पाच. मी अंगठा सरकपट्टीवर ठेवला आणि वर ढकलायला लागले.

आधी बूट आले. चामड्याच्या तळव्याचा फरशीवर घासल्याचा आवाज, पाचवर, सहावर, आणि सातवर जोर. कुणीही बूट घातलेले नव्हते. मग बर्नीच्या तळव्यात काहीतरी आलं, कारण तिचा हात थोडा खाली दबला. मग निळा रंग, धुतलेल्या पाटीवर राहतो तसा, आणि मग त्याहून जास्त. कॉलर. तिची डावी बाजू जळलेली होती, ती मी विसरले होते. मग त्याचा चेहरा. तो नाचत होता. वर्षभर थांबलेलाच नव्हता, चेहरा थकला होता. नाचणाऱ्यांनी नाच थांबवला नाही, फक्त त्याच्याभोवती जागा केली.

पैंजण वाजले. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

केतकी धावत गेली आणि त्याच्या बुटांवर चढली. चालायला लागल्यापासून ती त्याच्याबरोबर अशीच नाचायची, शेवटून दुसऱ्या गाण्याला, त्याच्या पावलांवर पावलं ठेवून. बर्नीनं स्वतःचा हात सोडवला आणि नियम मोडून मागे सरली. श्रीरंगनं केतकीचे दोन्ही हात धरले. तिनं त्याची बोटं मुठीत घेतली. त्यानंच तिला शिकवलं होतं, गाणं संपल्याशिवाय हात सोडायचा नाही.

तीन बत्तीस. सरकपट्टी टोकाला टेकली.

मी अंगठा तसाच दाबून धरला, जणू पेटीच्या बाहेरही तिला जायला जागा आहे. स्पीकरमधून खरखर येत होती आणि खरखरीच्या आत ट्रॉम्बोन उतरत होता. श्रीरंगच्या शर्टाचा निळा उतरायला लागला. केतकीच्या फ्रॉकचा पिवळा उतरायला लागला. सारख्या प्रमाणात. तिच्या पाठीतून मला समोरच्या भिंतीलगतची टेबलं दिसली, दुमडलेली.

माझा उजवा हात बेचाळिसाव्या गाण्याच्या बटणावर होता. एकशे चाळीस ठोके, सुरुवात एकदम, बँड पूर्ण जोरात, शेवट साफ, तीनदा तपासलेलं. मी ते लावलं तर त्याच्या पहिल्या ठोक्याला हे गाणं संपेल. केतकी हात सोडेल, थँक यू म्हणेल आणि फरशीवर धप्प उतरेल. आणि या स्पीकरवर एवढा मोठा आवाज एकदा झाला, की श्रीरंगएवढं कमी असलेलं काहीच उरणार नाही, घरी नाही, वाटीत नाही, कुठेच नाही. सहा सेकंद. पाच. नाचणाऱ्यांनी एकेक पाय उचलला होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. श्रीरंगनंही बघितलं. त्याच्या ओठांचा एक कोपरा वर गेला, उलटे मोजे बघून जायचा तसा.

केतकीनं हात न सोडता नुसती मान माझ्याकडे वळवली. तिचा आवाज दुसऱ्या इमारतीतून आल्यासारखा आला, पण हॉलमध्ये इतकी शांतता होती, की प्रत्येकाला तो ऐकू गेला.

“आई, संपलं का गाणं?”